अमेरिकी यादवी युद्धातल्या कॉन्फेडरेट (फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या) सैनिकाची भावंडं कशी शोधायची?
लष्करी कागद नंतर बघा, आधी १८५० आणि १८६० ची जनगणना उघडा. १८५० पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहिलं गेलं. सैनिक लहानपणी आईवडिलांच्या घरात सापडला, की भावंडं बहुधा तिथेच भेटतात. मात्र नात्याचा रकाना थेट १८८० मध्ये आला, त्यामुळे त्या यादीतली मुलं पुतणे-भाचेही असू शकतात. खात्री करायला काउंटी (जिल्ह्यासारखा भाग) कोर्टातली मृत्युपत्रं आणि वाटणीचे कागद बघा. लग्न झालेल्या बहिणींची सासरची नावं बऱ्याचदा तिथेच मिळतात, म्हणून हे काम अजिबात टाळू नका.

सैनिकांच्या लष्करी सेवानोंदी वॉशिंग्टनच्या नॅशनल अर्काइव्ह्जकडे (राष्ट्रीय अभिलेखागाराकडे) आहेत. सैन्याच्या तुकड्या (कंपन्या) बहुतेक एकाच परिसरातून उभ्या राहत, तेव्हा हजेरीपटातली त्याच आडनावाची माणसं तपासा. पेन्शन केंद्राने नव्हे, दक्षिणेकडच्या राज्यांनी दिली. पेन्शनचा अर्ज सैनिक म्हातारपणी जिथे राहत होता त्या राज्यात शोधा. विधवेचा अर्जही पाहा.

आणखी एक, १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या वेगळ्या याद्याही बघाच. त्यांत मालकाचं नाव असतं, गुलामांची जवळपास कधीच नसतात. या कुटुंबाने माणसं गुलाम ठेवली असतील, तर तेही वंशावळीत लिहा.