सहा फुटी टाकी: उंची कमी करा, रुंदी वाढवा

तुमचा बेत असा आहे: बेळगावात शहापूरला पहिल्या मजल्यावरचा हॉल, माशांची टाकी 6 फूट लांब, दीड फूट रुंद, 3 फूट उंच, आणि आत सिल्व्हर अरोवाना, रेडटेल कॅटफिश, फ्लॉवरहॉर्न, ऑस्कर, पॅरट. काच कापायला द्यायच्या आधी दोन्ही बदला, आकारही आणि माशांची यादीही.

काचेवरचा दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो, लिटरवर नाही. 3 फूट उंचीला 19 मिमी काचसुद्धा जेमतेम. तीच टाकी 6 × 2.5 × 2 फूट करा. वरून दोन इंच रिकामी ठेवली तरी साधारण 775 लिटर पाणी बसतं, म्हणजे तुमच्या उभ्या टाकीपेक्षा थोडं जास्तच, आणि 12 मिमी काच चालते. मात्र वरच्या काठाला चारी बाजूंनी तीन-चार इंची काचेच्या पट्ट्या आणि मधोमध एक आडवी पट्टी हवीच. त्या नसतील तर पुढची काच फुगते आणि सिलिकॉनचा जोड कोपऱ्यातून सुटत जातो. शिवाय फूटभर वाढलेल्या ऑस्करला दीड फुटात नीट वळता येत नाही, आणि 3 फूट खोल टाकीत तळ साफ करायला हात पोचत नाही.

आता वजन. पाणी 775 किलो, काच दीडशे, स्टँड आणि वाळू सव्वाशे, खालचा संप (टाकीचं पाणी गाळून परत वर पाठवणारी छोटी टाकी) पाण्यासकट पावणेदोनशे-दोनशे. एकूण सव्वा टन, तेही जेमतेम 1.4 चौरस मीटरवर. राहत्या घराच्या स्लॅबला भारतीय मानकात चौरस मीटरला सुमारे 200 किलो वापराचा भार धरतात. तो खोलीभर पसरलेला धरतात, त्यामुळे टाकी ठेवल्याबरोबर स्लॅब खाली येईल असं नाही. पण स्लॅब वाकला तर टाकीची पातळी जाते आणि पहिला बळी काच असते. टाकीची लांब बाजू खाली बीम असलेल्या भिंतीला लावा, कॉलमच्या जवळ, आणि घराचा नकाशा सिव्हिल इंजिनिअरला दाखवा. घर जुनं, लाकडी तुळयांचं असेल तर वरच्या मजल्याचा विषयच सोडा, तळमजल्यावर या.

स्टँड 50 मिमी चौकोनी पाइपचा, 3 मिमी जाडीचा, आठ पायांचा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत असं काम रोजचं आहे. एक गोष्ट फॅब्रिकेटरला बजावून सांगा: पाय सुटे ठेवायचे नाहीत, खालीही पूर्ण चौकट हवी, नाहीतर प्रत्येक पायाखालची फरशी तडकते. चौकटीवर 18 मिमी मरीन प्लाय, त्यावर थर्माकोल. पातळी गवंड्याच्या पाण्याच्या नळीने बघा, मोबाइलवर भरवसा नको.

सिलिकॉन व्हिनेगरसारखा वास येणारं, साधं घ्या. बाथरूमसाठी मिळतं त्यात बुरशीनाशक असतं, ते माशांना विषारी. संपसाठी भोकं पाडायची ती साध्या काचेला, जोडणीच्या आधी. टफन (तापवून कडक केलेल्या) काचेला ड्रिल लागलं की तिचा चुरा होतो. दारं-जिना अरुंद असेल तर टाकी जागेवरच जोडून घ्या. जोडल्यावर आठवडाभर सुकू द्या, मग आठवडाभर पाणी भरून ठेवा. ही चाचणी त्याच स्टँडवर, त्याच जागी झाली तरच खरी.

मासे. रेडटेल चार फुटांवर जातो आणि तोंडात मावेल ते गिळतो. घरगुती टाकीतला मासाच नाही तो. फ्लॉवरहॉर्न एकटाच ठेवायचा. अरोवाना टाकीतही दोन-अडीच फूट होतो, त्याला 8 × 3 फुटांच्या खाली जन्मभर ठेवू नये. पिल्लू बोटाएवढं असताना मोह होतो, पण दीड-दोन वर्षांत प्रश्न पुन्हा उभा राहतो. उरले ऑस्कर आणि पॅरट. पॅरटचं तोंड नीट मिटत नाही, ऑस्करसमोर तो खाण्यात मागे पडतो. म्हणून एकच वाट निवडा. ऑस्कर हवे असतील तर तीन, सोबत सहा सिल्व्हर डॉलर आणि तळाला एक सेलफिन प्लेको. किंवा ऑस्कर सोडून पाच पॅरट, तीन सेव्हरम आणि तेच डॉलर. माझा कौल दुसऱ्या वाटेला, कारण तीन ऑस्करांत दोघांची जोडी जमली की तिसऱ्याचे हाल होतात आणि त्याला हलवायला दुसरी टाकी लागते.

सिल्व्हर डॉलर घेताना पोट लालसर दिसलं तर थांबा. ते बहुधा तळ्यात पाळतात ते रूपचंद, म्हणजे पाकू. दोन फुटांपर्यंत वाढतात.

संप 4 × 1.5 × 1.5 फूट. पाणी आधी फिल्टर वूलमधून, मग सिरॅमिक रिंगांतून, शेवटी मोटर. तासाला 4000 लिटर पाणी *वर पोचलं* पाहिजे. मोटरच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो, पाच फूट चढावर तो बराच घसरतो, म्हणून 6000 किंवा जास्तीची घ्या. वर येणाऱ्या पाइपला पाण्याच्या पातळीलगत एक बारीक भोक पाडा. ते नसेल तर वीज गेली की सायफन लागून टाकीतलं पाणी संपमधून फरशीवर येतं. मासे आणायच्या आधी मेन स्विच मुद्दाम बंद करून बघा, संप काठोकाठ भरतो की सांडतो.

माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया, आणि त्यातून बनणारा नायट्राइट, पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यांना खाद्य म्हणून अमोनिया आपणच द्यायचा. प्रयोगशाळेच्या दर्जाचा नवसागर (अमोनियम क्लोराइड) 6 ग्रॅम टाकला की एवढ्या पाण्यात अमोनिया सुमारे 2 पीपीएम (लिटरला 2 मिलिग्रॅम) होतो. कल्हईवाल्याचा नवसागर नको. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही चोवीस तासांत शून्यावर यायला लागले की मासे सोडा, तेही एका वेळी थोडे.

महापालिकेचं पाणी राकसकोप धरणाचं असो वा हिडकलचं, क्लोरीन असतंच. ते मारायला 200 लिटरला 3 ग्रॅम हायपो (सोडियम थायोसल्फेट) टाका. बोअरचं पाणी वापरणार असाल तर आदल्या रात्री ड्रममध्ये हवा सोडून ठेवा. त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी असतो.

बेळगावची थंडी कोकणवाल्यांच्या सल्ल्यात बसत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा 14-15 अंशांवर येतो आणि या माशांना 25-27 लागतं. संपमध्ये 300 वॅटचे दोन हीटर ठेवा. एकच मोठा नको, कारण तो चालू अवस्थेत अडकला तर मासे शिजतात. सगळ्या वायरिंगला 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच, लावा. वीज गेल्यावर पाणी थंड व्हायला वेळ लागतो, ऑक्सिजन मात्र लवकर संपतो, म्हणून इन्व्हर्टरवर फक्त एअर पंप ठेवा, मोटर नको.

दर आठवड्याला 230 लिटर पाणी बदलावं लागेल. बादल्यांनी हे महिनाभरच जमतं. त्यामुळे टाकीमागे नळ आणि निचऱ्याचा पाइप आत्ताच, फरशीचं काम चालू असतानाच काढून ठेवा. बाहेर जाणारं पाणी नारळाच्या आळ्यात सोडता येईल.