बहुमजली इमारतीचे झोन पाडताना

पणजीतील सात मजली कार्यालयाचे मॉडेल एनर्जीप्लस या इमारतीचा ऊर्जावापर मोजणाऱ्या संगणक-प्रणालीत उभे करताना सातही मजले काढत बसू नये. सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा मजला स्वतंत्र काढावा. मधल्या पाच सारख्या मजल्यांपैकी एकच, मधल्याच उंचीवर, काढून त्याच्या झोनना, म्हणजे एकच तापमान धरलेल्या भागांना, 5 हा गुणक द्यावा (त्यांचे आकडे पाचपट धरले जातात) आणि त्याचे वरखालचे स्लॅब अ‍ॅडियाबॅटिक, म्हणजे उष्णता आरपार न जाणारे, ठरवावेत. खाली स्टिल्ट पार्किंग, म्हणजे खांबांमधले मोकळे वाहनतळ, असल्यास पहिल्या मजल्याचा स्लॅब जमिनीला नव्हे, तर बाहेरच्या हवेला जोडावा. नवशिक्यांकडून हे हमखास निसटते. झोन खोल्यांप्रमाणे न पाडता, बाहेरच्या भिंतीलगतचा सुमारे 4.5 मीटरचा पट्टा दिशेनुसार वेगळा ठेवावा. मांडवी नदीकडच्या, उत्तरेच्या काचेवर ऊन येत नाही असेही गृहीत धरू नये, कारण मेअखेर इथला माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेला असतो.