सेटिंगचा मेसेज आणि चार आकडी पिन

प्रश्न : आमचं घर कोगनोळीजवळ, कागलच्या हद्दीला लागून. सिम कर्नाटकातलं. परसात नेट चालतं, माजघरात गेलं की बंद. गेल्या आठवड्यात एकाचा फोन आला, ‘कंपनीतून बोलतोय, सेटिंग पाठवतो, १२३४ पिन टाकून इन्स्टॉल करा.’ मेसेज आलाय, पिन मागतोय. सासूबाई म्हणतात हात लावू नको. काय करू?
— एक वाचक भगिनी, ता. निपाणी

उत्तर : ताई, सासूबाईंचं ऐका. मेसेज डिलीट करा.

निपाणीत स्टँडजवळ माझं मोबाइलचं दुकान होतं. बटणाच्या फोनवर जीपीआरएस, म्हणजे तेव्हाचं नेट, सुरू करायचं तर कंपनीकडून सेटिंग मागवावी लागायची. तंबाखू घालायला आलेले शेतकरी फोन पुढे करायचे आणि मी सांगायचो, ‘पिन विचारला की १२३४ टाका, सेव्ह करा.’ शेकडो जणांना ही सवय मीच लावली. म्हणून तुमचं पत्र वाचून मनाला लागलं.

पिन जुळला म्हणजे मेसेज खरा, असं नसतं. एसएमएसच्याच वाटेने फोनकडे एक पुडी येते. तिच्यात ॲक्सेस पॉइंटचं (फोन ज्या दारातून नेटवर जातो त्याचं) नाव, प्रॉक्सीचा (नेटची ये-जा ज्या मधल्या संगणकातून होते त्याचा) पत्ता, कधी मेलचा सर्व्हर असतो. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात, म्हणून ती बहुधा तुकड्यांत येते आणि फोन ती जोडून घेतो. पाठवणारा स्वतःच पिन ठरवतो आणि त्यावरून पुडीवर शिक्का उठवतो. तुम्ही तोच पिन टाकला की फोन शिक्का ताडून बघतो. पिन सांगणारा आणि पुडी पाठवणारा एकच, एवढंच त्यातून कळतं. तो कंपनीचा की भामटा, हे फोनला कसं कळणार?

२०१९ मध्ये चेक पॉइंट या कंपनीच्या संशोधकांनी हेच करून दाखवलं. अशा मेसेजने फोनची प्रॉक्सी बदलून इंटरनेटची ये-जा आपल्याकडे वळवता येते. सॅमसंगच्या काही फोनना तर तेव्हा पिनसुद्धा लागत नव्हता. पुढे अपडेटमधून ती वाट बंद केली. तेव्हा फोनचं अपडेट थकवू नका.

आजच्या अँड्रॉइडमध्ये सेटिंग आधीच भरलेली असते. सिमवरचा देशाचा ४०४ किंवा ४०५ आणि त्यापुढचा कंपनीचा क्रमांक वाचून फोन स्वतःच ॲक्सेस पॉइंटचं नाव निवडतो. बीएसएनएलचं असेल तर बीएसएनएलनेट, जिओचं असेल तर जिओनेट. चुकून काही इन्स्टॉल झालंच, तर मोबाइल नेटवर्कमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट नेम्स’ उघडून वरच्या तीन टिंबांतून ‘रीसेट’ करा. मेलचं खातंही तपासा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

आता माजघराचं. तुमच्या हद्दीवर फोन कधी कर्नाटक सर्कलचा (मोबाइल सेवेच्या विभागाचा) टॉवर धरतो, कधी महाराष्ट्राचा. नेट बंद पडेल तेव्हा रेंजच्या दांड्यांजवळ इंग्रजी ‘आर’ (रोमिंग, म्हणजे फोन दुसऱ्या सर्कलच्या टॉवरवर) दिसतो का बघा. दिसत असेल तर ‘डेटा रोमिंग’ चालू करा. ‘आर’ नसेल तर भिंती जाड असतील, फोन खिडकीत ठेवून बघा आणि मला कळवा.