खताच्या प्रयोगाला दोन कुंड्या पुरतात का?

"मुलीला दहावीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी खताचा प्रयोग करायचाय. एका कुंडीत खत घालायचं, दुसरी तशीच ठेवायची. एवढं पुरेल ना?" असं विचारलंय तुम्ही. नाही पुरणार. बिनखताची कुंडी ठेवताय हे चांगलंच. पण एकाच पुडीतल्या बियांचं एक रोप जोमानं येतं, दुसरं खुरटं राहतं, त्यात खताचा काही हात नसतो. दोनच कुंड्या असल्या तर फरक खताचा की रोपाचा, हे कुणालाच सांगता येणार नाही.

आमच्या घरात याच गोष्टीवरनं कैक वर्षं वाद चाललाय, म्हणून सविस्तर लिहिते. शिरोळ तालुक्यात नदीकाठी आमचं रान. चुलत सासऱ्यांनी (मी त्यांना मामंजी म्हणते) दुकानदाराच्या सांगण्यावरनं उसाला एक महागडं औषध सोडलं, तेही फक्त मळीच्या, म्हणजे नदीलगतच्या गाळाच्या रानात. वरच्या मुरमाड रानात सोडलंच नाही. मळीचा ऊस जास्त भरला आणि ते गावभर औषधाचा गुण सांगत सुटले. अहो, मळीत पुराचा गाळ बसतो, तिथला ऊस दरसाल जास्तच भरतो!

मी कृषी पदवीधर. पुढच्या लागणीला हट्टानं मळीच्याच रानात पाच-पाच सऱ्यांचे पट्टे पाडले. कुठल्या पट्ट्याला औषध सोडायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं, कारण निवड माणसाच्या हाती ठेवली की चांगला पट्टा नकळत आवडीच्या बाजूला जातो. पाणी, खताचे डोस, को 86032 या उसाच्या जातीचं बेणं सगळीकडं एकच. खुंट्यांवर नुसते आकडे. कुठला पट्टा कशाचा, हे तोडणीच्या टोळीला सांगितलं नाही. कडेच्या सऱ्यांना ऊन जास्त मिळतं, शेजारचं औषधही पाझरतं, म्हणून त्या सोडून मधल्या तीन सऱ्यांच्या मोळ्या वेगळ्या बांधून तोलल्या. औषधाच्या पट्ट्यांत आपसात जेवढा फरक निघाला, तेवढासुद्धा औषध आणि बिनऔषध यांच्यात निघाला नाही.

मामंजी म्हणाले, "चिठ्ठ्या टाकून कधी शेती होते व्हय?" होते की! इंग्लंडात रोथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात 1843 पासून गव्हाच्या रानात एक पट्टा बिनखताचा राखलाय. तिथंच 1919 साली रुजू झालेल्या रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञानं पट्ट्यांची वाटणी सोडतीनं करायची आणि प्रत्येक खताला अनेक पट्टे द्यायचे, ही शिस्त घालून दिली. आपल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातल्या चाचण्याही त्याच शिस्तीच्या.

तेव्हा मुलीला सांगा, प्रत्येक बाजूला पाच-सहा तरी कुंड्या घे, माती एकाच ढिगातली, वाटणी चिठ्ठ्यांनी. उंची मोजणाऱ्या मैत्रिणीला कुठली कुंडी कशाची ते कळू देऊ नकोस.

एका रानावरनं, एका हंगामावरनं ते औषध कुठंच लागू पडत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. क्षारपड रानात वेगळं दिसेलही. पण ते दाखवून देणं विकणाऱ्याचं काम आहे, शेतकऱ्यानं पदरमोड करून कशाला शोधायचं? मामंजींनी यंदाही तेच औषध आणलंय. आणू देत. पट्टे त्यांनी आखावेत, वजनही त्यांनीच करावं, फक्त निम्मे पट्टे कोरे ठेवावेत आणि ते कुठले, हे चिठ्ठीनं ठरू द्यावं.