‘सेनानी’ म्हणजे शिपाई नव्हे

प्रश्न असा आला आहे. एका निवृत्त सुभेदारांनी आपल्या जुन्या डिव्हिजनच्या जनरलसाहेबांविषयी लेख लिहिला आणि त्यांना ‘थोर सेनानी’ म्हटले. घरातल्या शिकलेल्या मंडळींनी हरकत घेतली की लढ्यात भाग घेतलेला कोणीही माणूस सेनानी असतो, तेव्हा जनरलसाठी ‘सेनापती’ असेच लिहायला हवे. सुभेदारांना यातले खरे काय ते हवे आहे.

सुभेदारांचे बरोबर आहे. हरकत घेणाऱ्यांच्या कानावर जो अर्थ पडला आहे तो हिंदीतल्या ‘स्वतंत्रता सेनानी’चा आहे, आणि मराठीत ‘स्वातंत्र्यसैनिक’ हा नेमका, शासनानेही स्वीकारलेला शब्द असताना तो हिंदी प्रयोग आपण का उचलला हे मला आजवर उमगलेले नाही. आता मिरवणुकीत झेंडा धरलेला प्रत्येक जण सेनानी होऊ लागला आहे. अमरकोशात ‘सेनानीर्वाहिनीपतिः’ असे स्वच्छ दिले आहे. रुद्रात ‘नमः सेनाभ्यः सेनानिभ्यश्च वो नमः’ असे म्हटले आहे. दोन्ही एकच असते तर दोन वेगळे नमस्कार घालण्याचे कारण नव्हते. गीतेच्या दहाव्या अध्यायात सेनानींमधला स्कंद मी आहे असे भगवान सांगतात, तिथेही शिपायांची गणती चाललेली नाही. ‘रूढी बलवान असते’ हे उत्तर काही कोशकार देतात, परंतु ज्या रूढीने एक नेमका शब्द बोथट होतो आणि मोबदल्यात नवे काहीच हाती लागत नाही, तिची नोंद करताना ‘अपप्रयोग’ एवढा शेरा मारण्याचे धैर्य कोशकाराने दाखवायला हवे.

खरी मौज धातूत आहे. सेनानी म्हणजे सेना अधिक ‘नी’, आणि नी म्हणजे नेणे. नेता, नायक, अग्रणी, नीती ही सगळी त्याच घरची माणसे. आपले रोजचे ‘नेणे’ याच धातूपासून आले आणि त्याला ‘आ’ जोडून झालेल्या ‘आनयति’पासून ‘आणणे’ आले, म्हणजे नेणे आणि आणणे ही सख्खी भावंडे आहेत. पायदळात नोकरी केलेल्या माणसाला यावर अधिक भाष्य नको. साहेबाने आम्हाला धाडले, असे शिपाई एका अधिकाऱ्याविषयी म्हणतो. साहेबाने आम्हाला नेले आणि परत आणले, असे दुसऱ्याविषयी म्हणतो. या दोन वाक्यांत त्याने दोघांचा गोपनीय अहवाल लिहिलेला असतो.

ऋग्वेदाच्या नवव्या मंडलातील ९६व्या सूक्ताचा आरंभ पाहावा: ‘प्र सेनानीः शूरो अग्रे रथानां गव्यन्नेति हर्षते अस्य सेना’. गायी जिंकण्यासाठी निघालेला शूर सेनानी रथांच्या पुढे चालतो आणि त्याची सेना हर्षित होते. नेतृत्वावरच्या व्याख्यानांतून तासन्तास जे सांगितले जाते ते इथे एका ओळीत आहे, आणि ते सेनेच्या बाजूने सांगितलेले आहे: तो कुठे आहे आणि त्याला पाहून आम्हाला काय वाटते.

‘सेनापती’ची गोष्ट वेगळी आहे. ‘पती’ शब्द ‘पा’ म्हणजे रक्षण करणे या धातूपासून साधून सेनापती हा सेनेचा रक्षक ठरतो, असे जुने वैयाकरण मांडतात आणि आजचे काही लेखक ते डोळे मिटून उतरवतात. मला ते मान्य नाही. ग्रीक ‘पोसिस’ आणि लॅटिन ‘पोटिस’ हे त्याचे भाऊबंद स्वामित्वाकडे आणि सामर्थ्याकडे बोट दाखवतात. पती म्हणजे धनी. माझे ठाम मत असे की सेनापती हा दरबाराने दिलेला शब्द आहे आणि सेनानी हा रांगेतून आलेला. १६७४च्या राज्याभिषेकानंतर फारसी ‘सरनोबत’च्या जागी ‘सेनापती’ आला तो अष्टप्रधानांतील एका पदाचे नाव म्हणून, आणि पदाला तोच शब्द शोभतो. उलट, जिथे सैन्यानेच आपला प्रमुख ओळखला असावा तिथे शब्द ‘नेण्या’वरून घडतो: ग्रीक ‘स्ट्रॅटेगोस’ म्हणजे सैन्य नेणारा, जर्मन ‘हेर्झोग’ म्हणजेही मुळात सैन्य नेणारा, पुढे तो सरदारी किताब झाला. एकमेकांपासून इतक्या दूर गेलेल्या भाषांनी तीच कल्पना निवडावी, हा मी योगायोग मानत नाही.

आपल्या सेनेत ‘नायक’ हा हुद्दा दोन फितींचा आहे, म्हणजे ‘नी’ धातू अगदी खालच्या पायरीवरही गणवेशात उभा आहे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत मराठा लाइट इन्फंट्रीचे नायक यशवंत घाडगे यांच्या सेक्शनमधील, म्हणजे छोट्या तुकडीतील, बाकी सगळे मशीनगनच्या माऱ्याने पडले, तेव्हा ते एकटे त्या मशीनगनवर धावून गेले; मॅगझिन बदलायला वेळ उरला नाही म्हणून बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने लढले, आणि तिथेच पडले. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांना मरणोत्तर मिळाला.

जनरलकडून कोणी हे मागत नाही. त्याची जागा बहुधा नकाशापाशी असते आणि ती त्याने सोडू नये. तरीही १ नोव्हेंबर १९४८ रोजी झोजी ला खिंडीत रणगाडे चढवले गेले, तेव्हा मेजर जनरल थिमय्या आघाडीच्या रणगाड्यात होते. साडेअकरा हजार फुटांच्या आसपासच्या त्या थंडीत मागून येणाऱ्या जवानाला ‘अग्रे रथानाम्’ डोळ्यांनी दिसले असेल. ‘आणणे’ या बाजूचे उदाहरण १९७१चे आहे. एप्रिलमध्येच युद्ध सुरू करण्याचा आग्रह असताना माणेकशॉ यांनी सरकारला नकार दिला, पावसाळा सरू द्या आणि उत्तरेच्या खिंडी बर्फाने बंद होऊ द्या असे सांगितले. पूर्व बंगालच्या चिखलात फुकट गेले असते असे किती जवान त्या नकारामुळे वाचले याची गणना होऊ शकत नाही, पण जवानाला ती ठाऊक असते. डेहराडूनच्या लष्करी अकादमीचे १९३२ साली उद्घाटन करताना हिंदुस्थानच्या ब्रिटिशकालीन सैन्याचे तेव्हाचे प्रमुख चेटवुड यांनी घालून दिलेला क्रमही हाच होता: आधी देश, मग हाताखालची माणसे, आणि स्वतःचा आराम व सुरक्षितता सर्वांत शेवटी.

तेव्हा सुभेदारांनी ‘थोर सेनानी’ तसेच ठेवावे. पदाचा उल्लेख करायचा तिथे ‘डिव्हिजनचे प्रमुख’ लिहावे, ‘सेनापती’ लिहू नये, कारण डिव्हिजनच्या अधिकाऱ्याला ते पद नाही. आणि घरच्यांनी तडजोड म्हणून सुचवलेला ‘सरसेनानी’ तर मुळीच घेऊ नये. ‘सरसेनापती’ मराठीत मुरलेला आहे, पण ‘सेनानी’ला फारसी ‘सर’ लावून त्याची थोरवी तसूभरही वाढत नाही.