पट्टीच्या आधी पक्षी हाताळायला शीक

प्रश्न : मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. कोंबड्यांच्या श्वसनमार्गातले जिवाणूजन्य आजार शेडवरच पंधरा मिनिटांत ओळखणारी पट्टी तयार करायची, असं मनात आहे. बाबा म्हणतात, पशुवैद्यकाच्या पदवीशिवाय या क्षेत्रात कोणी विचारणार नाही. आमच्या मॅडम जैवतंत्रज्ञानात एमएस्सी कर म्हणतात. मी काय करू?

उत्तर : बाबांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पक्ष्यांवर उपचार करायला ती पदवी लागतेच, चाचणी तयार करायला लागत नाही. त्यामुळे पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात करू नकोस. एमएस्सी कर, पण रेण्वीय निदान (म्हणजे डीएनएवरून रोग ओळखणं) आणि प्रतिकारशास्त्र नीट शिकवणारी. आणि एखादा पशुवैद्यक कायम सोबत असू दे, कारण तुझ्या पट्टीचं भवितव्य शेडमध्ये ठरणार आहे.

आधी रोग ओळखीचा करून घे. कोरायझाचंच, म्हणजे कोंबड्यांच्या संसर्गजन्य सर्दीचंच बघ. तोंड सुजतं, नाकातून घाण वासाचा स्राव येतो, अंडी घटतात. त्याचा जिवाणू, अ‍ॅविबॅक्टेरियम पॅरागॅलिनॅरम, रक्त-अगारवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या रक्तमिश्रित माध्यमावर, सहसा एकटा वाढत नाही. त्याला वाढीसाठी एनएडी हे द्रव्य लागतं आणि ते स्टॅफिलोकॉकस हा दुसरा जिवाणू पुरवतो, म्हणून प्लेटवर त्याची एक रेघ ओढतात. दुसऱ्या दिवशी इन्क्युबेटर उघडलास की त्या जाड रेघेच्या कडेने दवबिंदूंसारख्या बारीक वसाहती दिसतात आणि रेघेपासून लांब काहीच नसतं. हे एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. या जिवाणूच्या काही वाणांना (स्ट्रेन्सना) मात्र एनएडी लागत नाही. फक्त या खुणेवर विसंबणाऱ्यांच्या हातून त्या निसटतात. मायकोप्लाझ्मा हा श्वसनमार्गाचा दुसरा जिवाणू तर वाढायला आठवडा किंवा त्याहून जास्त घेतो. तोवर रोग शेडभर पसरलेला असतो आणि अंदाजाने प्रतिजैविक देऊन झालेलं असतं. पेनिसिलिन पेशीभित्तिकेवर घाव घालतं आणि मायकोप्लाझ्माला ती नाहीच, त्यामुळे पेनिसिलिन दिलं असेल तर तेही वाया. चाचणी लवकर हवी ती यासाठी.

आता थोडं गणित, कारण इथेच पुष्कळ उत्साही मुलं फसतात. 1000 कोंबड्यांपैकी 10 बाधित आहेत असं धर. तुझ्या चाचणीची संवेदनशीलता (बाधितांना बाधित म्हणण्याचं प्रमाण) 95 टक्के, विशिष्टताही (निरोगींना निरोगी म्हणण्याचं प्रमाण) 95 टक्के. बाधितांपैकी नऊ-दहा सापडतील. पण उरलेल्या 990 निरोगी पक्ष्यांपैकीही जवळजवळ 50 पॉझिटिव्ह दिसतील. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या साठातले पन्नास ठणठणीत! कागदावर छान दिसणारी ही चाचणी निरोगी कळपात कुचकामी ठरते. आजार पसरलेल्या शेडमध्ये तीच उपयोगी पडते. म्हणून चाचणी कुठे आणि कोणत्या निर्णयासाठी वापरली जाणार, हे सगळ्यात आधी ठरव.

तंत्राची निवड त्यानंतर. प्रतिजन, म्हणजे जिवाणूचेच अंश, पकडणाऱ्या पट्टीला नमुन्यात भरपूर जिवाणू लागतात. प्रतिपिंड, म्हणजे पक्ष्याच्या शरीराने जिवाणूविरुद्ध तयार केलेली प्रथिनं, शोधायचे तर संसर्गानंतर काही दिवस थांबावं लागतं, शिवाय लसीकरण झालेले पक्षीही पॉझिटिव्ह येऊ शकतात. लॅम्प हे जिवाणूच्या डीएनएच्या प्रती वाढवून तो ओळखणारं तंत्र 2000 साली पुढे आलं. ते 60 ते 65 अंशांच्या एकाच तापमानावर चालतं, पीसीआर या डीएनए वाढवण्याच्या नेहमीच्या पद्धतीसारखं तापवणं-थंड करणं नाही. शेडसाठी मला ते जास्त आशादायक वाटतं, पण निकालाला पंधरा मिनिटं नव्हे, अर्धा-एक तास धरून चाल.

आणि नमुना! एकाने पक्षी धरायचा, दुसऱ्याने चोच उघडून टाळूवरच्या फटीत स्वॅब फिरवायचा. पक्षी फडफडतो, धूळ उडते, स्वॅब भलतीकडे लागतो. लाकडी काडीचा स्वॅब घेतला तर तो पीसीआरच्या अभिक्रियेत अडथळा आणू शकतो. प्रयोगशाळेत उत्तम चाललेली चाचणी इथे अडखळते. तू सुट्टीत एखाद्या पशुवैद्यकासोबत चार दिवस हेच काम कर. बाबांनाही सोबत ने, त्यांची शंका तिथेच फिटेल.

नोकरीची वाट किट बनवणाऱ्या व लस बनवणाऱ्या कंपन्या, निदान प्रयोगशाळा आणि संशोधन संस्था यांच्याकडून जाते.

प्रवेश घेण्यापूर्वी विभागाला एवढं विचार : शेडमधले खरे नमुने तुमच्याकडे येतात का, आणि कुठून? फ्रीजरमधल्या शुद्ध कल्चरपलीकडे (प्रयोगशाळेत वाढवून ठेवलेल्या जिवाणूंपलीकडे) उत्तर जात नसेल, तर दुसरा विभाग शोध.