बाबांचा केशर आंबा आणि बाबांची पदके

प्रश्न : वडील खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये (लष्कराच्या अभियंता दलात) होते, 1971 चं युद्ध त्यांनी पाहिलं. नंतर पाटबंधारे खात्यात अभियंता झाले. बंगल्यात त्यांनी लावलेला केशर आंबा आणि तीसेक गुलाब आहेत. जानेवारीत बंगला पाडायचाय, त्याच महिन्यात वर्षश्राद्ध. झाडं कशी वाचवू? आणि स्मरणिकेत त्यांच्या नोकरीबद्दल काय लिहू? युद्धाबद्दल ते घरी कधी बोलले नाहीत.
– एक वाचक, पुणे

उत्तर : आधी आंबा. मोठं झाड मुळासकट हलवायच्या भानगडीत पडू नका, कोय कलम करा. त्याचा हंगाम जुलै-ऑगस्ट, म्हणजे आत्ताच. रायवळच्या ताज्या कोयी लगेच पेरा; वाळलेली कोय उगवत नाही. रोप 10-15 दिवसांचं, पानं तांबूस असतानाच कलम बांधायचं. पानं हिरवी होऊन खोड निबर झालं की जोड धरण्याचं प्रमाण घसरतं. बाबांच्या झाडाची तीन-चार महिन्यांची, शेंडा फुगलेली पण न फुटलेली काडी निवडा. तिची पानं देठ ठेवून 8-10 दिवस आधी छाटा. रोप कोयीपासून 6-7 सेंमीवर कापून मधोमध 3-4 सेंमी चीर द्या, काडीला पाचरीसारखा आकार देऊन ती चिरेत बसवा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधा. जोडात पावसाचं पाणी शिरलं की काडी काळी पडते, म्हणून कलमं आडोशाला ठेवा. जोडाखालून येणारे फुटवे खुडत राहा. पाच हवी असतील तर पंधरा बांधा.

गुलाबांना दिवाळीनंतरची थंडी चालेल. गावठी गुलाब काडीवर येतो. संकरित जातींचे डोळे (देठाच्या बगलेतले कोंब) जंगली गुलाबाच्या खुंटावर, सालीखाली भरा. नुकतंच फूल गळलेल्या फांदीच्या मधल्या भागातला डोळा घ्यायचा. त्या फांदीचा काटा अंगठ्याने ढकलल्यावर सहज तुटला, तर डोळा तयार आहे असं समजा. खुंटाला दोन दिवस आधी भरपूर पाणी द्या, नाहीतर साल सुटत नाही. तीन आठवड्यांनी डोळ्याखालच्या देठाला बोट लावा : देठ गळून पडला तर डोळा धरला, वाळून चिकटून राहिला तर गेला.

प्रत्येक कुंडीला नावाची पट्टी हवी. शीतपेयाचा रिकामा डबा कापून संपलेल्या बॉलपेनने दाबून लिहा. शाई उडते, दाबलेली अक्षरं राहतात. पट्टी बांधायची तार सैल ठेवा, नाहीतर फांदीत रुतते. आणि आठवण म्हणून जुन्या वाफ्यातली माती मात्र नेऊ नका, तिच्याबरोबर हुमणी ही मुळं खाणारी अळीही जाते.

आता स्मरणिका. बाबा बोलले नसले तरी पदकं बोलतात. ‘पूर्वी स्टार’ नावाचं पदक असेल तर 1971 मध्ये ते पूर्वेच्या आघाडीवर, ‘पश्चिमी स्टार’ असेल तर पश्चिमेच्या. नुसतं ‘संग्राम मेडल’ असेल तर त्या काळात सेवेत होते, एवढंच म्हणता येतं. लढाईचं वर्णन त्यावरून रचू नका. पदकाच्या कडेवर किंवा मागे नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं, भिंगाने वाचा. सैन्यातून बाहेर पडताना मिळालेल्या डिस्चार्ज बुकात ट्रेड (म्हणजे सैन्यातलं काम) आणि सेवेच्या तारखा मिळतील. ते हरवलं असेल तर नंबर घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, खडकीच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज कसा करायचा ते तिथे सांगतील. कंसातलं ‘निवृत्त’ हुद्द्याला जोडू नका, नावानंतर लिहा. ‘थोर देशभक्त’ वगैरे टाळा; त्याऐवजी पाटबंधारे खात्यात कुठल्या कालव्यावर, किती साली होते ते लिहा. छाटणीच्या तारखांची वही त्यांनी ठेवली असेल, तर तिचं एक पान जसंच्या तसं छापा.